मयासुराची विद्या

वास्तुशास्त्राचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून सनदी आर्किटेक्ट झालेल्या तरुणाने घरे बांधण्याचे सोडून द्यावे, आणि व्हिडिओ गेममधील घरे, गल्ल्या, किल्ले व अरण्ये रचण्याचा धंदा पत्करावा, ही गोष्ट आपल्या मध्यम वर्गात आता अपूर्व राहिलेली नाही. या धंद्यास त्या लोकांत एन्व्हायर्नमेंट आर्ट म्हणतात. आम्ही सोयीसाठी त्यास परिसरकला म्हणू. मुलाने हा बेत सांगितला म्हणजे घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, शिकलेल्या विद्येवर पाणी सोडून पोर खेळण्यांच्या नादी लागले. दुसरा म्हणतो, काळ बदलला, पैसा तिकडे आहे, जाऊ द्या. पहिल्या पक्षास कला कळत नाही. आणि दुसऱ्यास पैसा कळतो असेही नाही, कारण २०२३ व २०२४ या दोन वर्षांत जगभर या धंद्यातील हजारो माणसे कामावरून कमी झाली, हे तो विसरतो. असो, पगाराचा विचार ज्याचा त्याने करावा. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्यात कोणी राहावयाचे नाही अशी घरे वास्तुकार बांधू लागला, म्हणजे त्याच्या विद्येचा कोणता भाग त्याच्याबरोबर जातो आणि कोणता मागे राहतो?

आपल्या परंपरेने हा प्रश्न एका नावात बांधून ठेवला आहे. खांडववन जळत असता ज्याचे प्राण वाचले त्या मयासुराने पांडवांस सभा बांधून दिली. तीत जळाच्या ठिकाणी स्थळ व स्थळाच्या ठिकाणी जळ भासे, आणि त्या भासाने फसून दुर्योधन पाण्यात पडला, ही कथा लहानथोरांस ठाऊक आहे. परंतु याच मयाच्या नावावर 'मयमत' हा दक्षिणेकडील वास्तुग्रंथ आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्या ग्रंथात माया कोठेही नाही. जमिनीची परीक्षा, मापे, पाया, खांब असला सगळा रुक्ष विचार आहे. म्हणजे भुलविणारा मय आणि मोजणारा मय हे आपल्या पूर्वजांनी एकच धरले. आजचा वास्तुकार खेळाकडे वळतो तेव्हा हे दोन मय वेगळे होतात की काय, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

भासाची वास्तू रचण्याचे काम महाराष्ट्रात नवे नाही. संगीत नाटकांच्या काळी रस्ता, बाग, राजवाडा यांचे रंगविलेले पडदे असत, आणि ते चित्रकार रंगवीत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर प्रथम याच कामात नावाजले. पुढे ते चित्रपटाकडे वळले, 'सैरंध्री' हा त्यांचा चित्रपट १९२० साली निघाला, आणि पडद्यावरील राजवाड्याच्या जागी त्यांनी लांबी, रुंदी व खोली असलेले देखावे उभे केले. पडद्यापुढून नट चालत असे. या देखाव्यात तो आत चालू लागला. फरक दिसण्यात थोडा, पण परिणामात फार मोठा. व्हिडिओ गेमने आणखी एक पाऊल टाकले: आत चालणारा आता नट नसून स्वतः प्रेक्षक आहे. तो कोणत्या बाजूने येईल, कोठे थांबेल, मागे वळून पाहील की नाही, हे देखावा रचणाऱ्याच्या हाती नाही. चित्रकाराला एक बाजू रंगवून भागत असे. येथे चारी बाजू, वर व खाली, सर्व सांभाळावे लागते. म्हणूनच या धंद्यास वास्तुकार हवासा वाटतो.

युरोपात याचे एक फार बोलके पूर्वोदाहरण आहे. पिरानेसी (१७२०–१७७८) हा स्वतःस अभिमानाने व्हेनिसचा वास्तुकार म्हणवीत असे. पण त्याच्या हातून रोममधील आव्हेंटाइन टेकडीवरील एक देऊळ व त्याचे आवार यांखेरीज बांधकाम म्हणण्यासारखे काही झाले नाही. त्याने आपली विद्या तांब्याच्या पत्र्यावर कोरली. त्याच्या काल्पनिक तुरुंगांच्या चित्रांत जिन्यावर जिने आहेत, कमानीमागे कमानी आहेत, आणि कित्येक जिने कोठेच पोहोचत नाहीत. तथापि ती चित्रे पाहताना छातीवर दडपण येते. ते का येते? प्रत्येक दगडाला वजन आहे असे वाटते म्हणून. जो इमारत कशी उभी राहते हे जाणतो, त्यालाच ती अशी अशक्य करून दाखविता येते. पिरानेसीने धंदा बदलला. विद्या बदलली नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. परिसरकलाकार प्रथम रंग, नक्षी काही न घालता केवळ करड्या ठोकळ्यांचा आराखडा उभा करतो आणि त्यात चालून पाहतो. चालणे नीट होईना तर भिंत सरकवितो, चौक लहान करतो. मग भिंतीचा एक तुकडा, कमानीचा एक, जिन्याचा एक असे मोजके सुटे भाग घडवून त्यांचीच पुनःपुन्हा जोडणी करून नगर वसवितो. ही रीत वास्तुशाळेत शिकलेल्यास परकी नाही. मुंबईच्या जे. जे. वास्तुशाळेत क्लॉड बॅटली हे शिक्षक असताना विद्यार्थ्यांकडून जुन्या भारतीय इमारतींची मोजमापे घेववून नकाशे काढवीत. खांबाच्या बैठकीपासून कंगोऱ्यापर्यंत जो हाताने मोजतो, त्यास सुट्या भागांचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. उलटपक्षी त्यास काही विसरावेही लागते. पुष्कळ खेळांत खेळणाऱ्याची दृष्टी नायकाच्या पाठीमागे, जराशी वर असते. खऱ्या मापाची खोली केली तर ती दृष्टी भिंतीत घुसते. म्हणून तेथील दारे व दालने वास्तवाहून मोठी करावी लागतात. जो साडेतीन फुटी दाराचा हट्ट धरील त्याचे तेथे चालावयाचे नाही.

नमुन्यादाखल आपल्याकडचाच एक खेळ घेऊ. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहान मंडळीने रचलेला 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी २०१७ साली लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते. राजी नावाची मुलगी असुरांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते. तिच्या वाटेवर राजस्थानी धाटणीचे कोट, झरोके, देवळे व भित्तिचित्रे आहेत. रंगांवर पहाडी चित्रशैलीची छाया आहे, आणि मधली कथानके छायाबाहुल्यांच्या पद्धतीने दाखविली आहेत. दृष्टी दूर व उंचावर ठेवल्यामुळे त्या अफाट कोटात मुलगी मुठीएवढी दिसते. हे योजनापूर्वक केलेले आहे व ते साधले आहे. ती भिंतीवरील चित्रासमोर थांबली की देवादिकांची कथा ऐकू येते. आपल्या देवळांत भिंत हीच पोथी असते, ही गोष्ट या रचणाऱ्यांस कळली आहे. येथवर स्तुती करावी तितकी थोडीच.

परंतु दोन ठिकाणी आमचे समाधान होत नाही. पहिले असे की, या कोटांत कोणी राहिल्याची खूण नाही. कथेत माणसे पळविली गेली आहेत हे खरे. पण गेलेल्या माणसांचेही काही मागे राहते. चूल काळी होते, उंबरा झिजतो, पायरीला मधोमध खळगा पडतो. येथील पायऱ्या राजीने उड्या माराव्यात म्हणूनच जन्मलेल्या वाटतात. दुसरे असे की, पुण्यात बसून हे नगर रचणाऱ्यांस नगर म्हणताच राजस्थान का आठवावे? सह्याद्रीचा काळा दगड, वाड्याचा चौक, मराठवाड्यातील गढी ही त्यांच्या घराशेजारी होती. झरोका चित्रात लवकर खुलतो आणि परदेशी खेळणाऱ्यास त्याची ओळख असते, हे कारण आम्हांस समजते. समजते म्हणून पटते असे नाही.

राहिल्याची खूण कशी आणावी याचा धडा २०१६ सालच्या 'द विटनेस' या खेळात मिळतो. जोनाथन ब्लो याने एका निर्जन बेटाचा हा खेळ रचताना खरे वास्तुकार व उद्यानरचनाकार कामास लावले. त्यांत डीना व्हॅन ब्यूरन या वास्तुकार होत्या. त्या बेटावरही माणूस नाही. परंतु एका काळी बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या काळच्या लोकांनी फेरफार केला, भग्न भिंतीला नवी भिंत जोडली, असे पदोपदी दिसते. खेळणाऱ्यास हा इतिहास कोणी सांगत नाही. त्याला तो पायांनी कळतो. ही विद्या चित्रकाराची नव्हे, वास्तुकाराची आहे.

आता याच्या नेमके उलट टोक. २०१४ सालच्या 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या खेळात राज्यक्रांतीच्या काळचे पॅरिस आहे आणि त्यात नोत्र दामचे प्रचंड देवालय आहे. एका कलावतीने दीर्घकाळ खपून ते उभे केले. १५ एप्रिल २०१९ रोजी खरे देवालय आगीत सापडले, तेव्हा या खेळातील प्रतिकृतीवरून ते पुन्हा बांधता येईल अशी आवई जगभर उठली. वस्तुतः त्या प्रतिकृतीत दृष्टीच्या सोयीसाठी पुष्कळ फेरफार होते; १९व्या शतकात उभारलेल्या मनोऱ्यासारखा मनोरा त्या क्रांतिकालीन इमारतीवर मुद्दाम चढविला होता. जीर्णोद्धारकर्त्यांच्या उपयोगी पडली ती अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने आगीच्या कैक वर्षे आधी लेझरने घेतलेली सूक्ष्म मोजमापे. लोकांची चूक क्षम्य होती. भुलविणाऱ्या मयाला त्यांनी मोजणारा मय समजले, इतकेच.

येथपर्यंतचा विचार पुण्यात वा मुंबईत बसूनही करता आला असता. परंतु तो कसास लावावयाचा तर धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात, सास्तूर येथे लावावा असे आम्हांस वाटते; कारण घर म्हणजे काय हे त्या गावाने जितक्या मोठ्या किमतीस शिकले तितके फार थोड्या गावांनी शिकले असेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपी गेली असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे गेली. सास्तूर हे अत्यंत हानी झालेल्या गावांपैकी एक. तेथील जुनी घरे दगडांची, चिखलात रचलेल्या रुंद भिंतींची, वर माळवद. ऊन व पाऊस यांपासून रक्षण व्हावे म्हणून माळवदावर मातीचा थर देत, आणि गळती लागली की त्यावर आणखी माती चढवीत. वाढता वाढता तो थर फूट-दोन फूट होई. भिंतीचे आतले व बाहेरचे दगड एकमेकांत गुंतविणारे आडवे लांब दगड बहुधा नसत. धरणी हलली तशा भिंती फाकल्या आणि तो मातीचा डोंगर निजलेल्यांवर आला. विशेष हे की, कित्येक घरांत लाकडी खांब व तुळया यांचा सांगाडा भिंती कोसळल्यावरही उभा होता. भार कोणी पेलावयाचा, हे सुतारास ठाऊक होते. गवंड्याने त्याकडे दुर्लक्ष केले होते.

अशा गावातील मुलगा वास्तुशास्त्र शिकतो, तेव्हा त्याच्या बापाच्या मनात काय असते हे सांगावयास नको. हा शिकेल आणि न पडणारी घरे बांधील. त्याच मुलाने एके दिवशी येऊन म्हणावे की, मी जी घरे बांधणार त्यांस पडण्याची भीतीच नाही, कारण त्यांस वजनच नाही. तर बापाच्या तोंडून शब्द फुटणार नाही. ही व्यथा पहिल्या पक्षाच्या कुरकुरीहून फार खोल आहे व आम्ही तिची थट्टा करणार नाही. खेळातील माळवद कोणाच्या अंगावर पडत नाही, आणि म्हणूनच ते रचणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाही. ज्या कलेत चूक झाल्यास कोणी मरत नाही, तिच्यात ढिलाई फार लवकर शिरते. 'राजी'च्या न झिजलेल्या पायऱ्या ही त्या ढिलाईचीच सौम्य खूण होय.

परंतु सास्तूरची कथा येथे संपत नाही, आणि तिचा उत्तरार्ध मुलाच्या बाजूचा आहे. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साह्याने ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे जमीनधारणेच्या मानाने २५० चौरस फुटांपासून ७५० चौरस फुटांपर्यंत दिली गेली. ती पडू नयेत याची काळजी घेतली गेली, आणि एवढ्या प्रचंड दुःखात इतक्या लोकांस निवारा मिळाला ही सामान्य गोष्ट नव्हे. पण गावाची आखणी? सरळ रुंद रस्ते, काटकोनांत कापलेले, आणि त्यांवर शहरी वसाहतीसारख्या घरांच्या रांगा. जुन्या गावात वेशीतून आत आले की वाट वळे, पारापाशी रुंदावे, पुन्हा अरुंद होऊन घराच्या ढेळजेशी थांबे. ढेळजेत परका थांबे, ओसरीवर ओळखीचा, चौकात आप्त. बाईमाणसाला गल्लीच्या वळणावर चार शब्द बोलण्यास आडोसा मिळे. धान्याला बळद, जनावराला गोठा. नव्या आराखड्यांत माणूस रस्त्यावरून थेट दारात, आणि दारातून थेट खोलीत. लोकांनी पुढे आपल्या हातांनी भिंती घालून अंगणे काढली, जनावरांसाठी छपरे उभारली, आणि जे नकाशात नव्हते ते हळूहळू परत आणले.

आराखडा आखणाऱ्याने विचारले असेल: भिंत किती जाड, पाया किती खोल, प्रत्येकास क्षेत्र किती? हे प्रश्न आवश्यकच होते. पण माणूस येथून चालत गेला तर त्यास काय दिसेल, तो कोठे थबकेल, कोठे वळेल, हा प्रश्न त्याने विचारलेला दिसत नाही. परिसरकलाकाराचा तर तो पहिला प्रश्न असतो. करड्या ठोकळ्यांत तो दिवसचे दिवस चालतो ते याच्याच उत्तरासाठी. जी विद्या वास्तुकाराच्या धंद्यातून कागद, नियम व घाई यांच्या रेट्याखाली निसटली, ती या खेळांच्या धंद्यात पोटापाण्यासाठी जिवंत राहिली आहे, हे चमत्कारिक पण खरे आहे.

दोन्ही मय एकत्र नांदू शकतात याचा पुरावा शोधण्यास सास्तूरहून फार दूर जावे लागत नाही. याच जिल्ह्यात नळदुर्गाचा किल्ला आहे. तेथे बोरी नदीवर आदिलशाहीत, दुसऱ्या इब्राहिमाच्या काळी, दगडी बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच एक महाल बसविला. त्यास पाणीमहाल म्हणतात. पायऱ्या उतरून अंधाऱ्या दगडात शिरावे, बंधाऱ्याच्या गाभ्यात आल्यावर एकाएकी नक्षीदार गवाक्ष लागावे, आणि पावसाळ्यात त्या गवाक्षासमोरून नदी कोसळत असावी! नर व मादी या नावांच्या दोन सांडव्यांतून पाणी पडत असता अंगावर तुषार येतात, पण महाल कोरडा राहतो. अंधार, उतार, वळण आणि मग दर्शन हा क्रम ज्याने योजला, त्यास आजच्या कोणत्याही खेळाच्या कंपनीने डोळे मिटून ठेवून घ्यावे. आणि त्याच माणसाने चार शतके नदीचा लोंढा पेलील असा बंधाराही बांधला. दुर्योधनाला पडावयास लावणारी सभा आणि 'मयमता'तील पाया, दोन्ही येथे एकाच दगडात आहेत.

तेव्हा धंदा बदलणाऱ्या तरुणास आम्ही अडवू इच्छीत नाही. त्याच्या वडिलांसही तसाच सल्ला देऊ. मात्र जाताना त्याने झरोक्यांची चित्रे गोळा करीत बसू नये. पहिला परिसर रचावयाचा तर त्याने जुने सास्तूर रचावे. त्यात असुर नकोत, उड्या नकोत. वेशीतून शिरणारी एक वाट आणि तिच्या दोन्ही अंगांची घरे पुरेत. पण माळवदाखाली उभे राहिल्यावर डोक्यावरील मातीचा भार जाणवला पाहिजे, खांबाचा टेकू कोठे आहे हे दिसले पाहिजे, आणि रुंद भिंत किती निवांत व किती घातकी आहे हे दोन्ही एकदम कळले पाहिजे. ते काम करमणुकीचे होणार नाही. ते पाहून कोणी म्हातारा उठून जाईल, कोणी आपले दार शोधील. घर पुन्हा बांधण्यास ते उपयोगी पडणार नाही, हे नोत्र दामच्या उदाहरणावरून आम्ही वर सांगितलेच आहे. मोजमापे वेगळी ठेवावी व देखावा वेगळा ठेवावा. तथापि नव्या गावात जन्मलेल्या मुलांस आपली आजी कोणत्या वळणावर उभी राहून बोलत असे, हे पायांनी कळण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.

या कामास संगणक केव्हाही मिळेल. न मिळणारी गोष्ट निराळी आहे. ज्यांस जुन्या गावातील वाटा चालून आठवतात ते आता चाळिशीच्या पुढे गेले आहेत, आणि ज्यांनी स्वतः माळवदावर माती चढविली ते त्याहून पुष्कळ वृद्ध. ढेळजेची पायरी किती उंच होती, वेशीपासून पारापर्यंत किती पावले, सकाळचे ऊन चौकात कोठवर येई, हे त्यांस एकेकास बसवून विचारावयाचे आणि कागदावर उतरवून घ्यावयाचे, तर ते या एक-दोन हिवाळ्यांतच आटोपले पाहिजे.